चार थाऊची फट

हिरामण गांगुर्डे मला पहिली दहा वर्षं अजिबात आवडायचा नाही, हे आधीच सांगून टाकतो. नंतर कुणी म्हणायला नको की केरू आपल्या मित्राची टिमकी वाजवतो. सातपूरच्या एका कंपनीत आम्ही दोघं कामाला. कंपनी ट्रक-जीपच्या पुढच्या चाकांचे बॉल जॉइंट बनवायची. मी लेथवर, हा फायनल इन्स्पेक्शनला. म्हणजे मी आठ तास घाम गाळून माल काढायचा आणि ह्यानं एकेक नग हातात घ्यायचा, जरा हलवायचा आणि लाल डब्यात टाकायचा. का, तर म्हणे हलतोय. मला तो हलताना दिसायचा नाही, सुपरवायझरला दिसायचा नाही, ह्याच्या अंगठ्याला मात्र कळायचं. डोकं फिरायचं माझं. एकदा कँटीनमध्ये मी त्याला सगळ्यांदेखत म्हणालो, तू घरी बायकोची भाकरीपण नापास करत असशील. तो जेवता जेवता शांतपणे म्हणाला, नाही, ती गोल असते.

बॉल जॉइंट काय असतो ते ज्याला ठाऊक नसेल त्याच्यासाठी सांगतो. आपल्या खांद्यात हाडाचं गोल टोक वाटीत बसलेलं असतं ना, तसाच हा चाकाचा खांदा. पोलादी गोळा, त्याला दांडी, आणि गोळा वाटीत. चाक वरखाली होतं, डावीउजवीकडं वळतं, ते सगळं ह्या गोळ्यावर. दांडी तुटली की चाक आडवं पडतं आणि गाडी कुठं जाईल त्याचा नेम नाही.

आमच्या कंपनीचे जॉइंट सीलबंद. आत प्लास्टिकची वाटी, खाली स्प्रिंग, ग्रीस एकदाच आत घालून सगळं दाबून बंद. तो उघडायचा नाही, त्याला परत ग्रीस द्यायचं नाही, झिजला की फेकायचा. असा नवा जॉइंट हाताला घट्टच लागला पाहिजे. ड्रॉइंगवर खेळापुढं, म्हणजे गोळा वाटीत किती हलतो त्यापुढं, एकच आकडा असायचा, ह्याच्या वर नको. आणि हिरामणचं म्हणणं, आकडा कशाला, शून्यच पाहिजे. सव्वीस वर्षं त्यानं तेच केलं. त्याच्या हातातून गेलेला एक नग कधी परत आला नाही. गांगुर्डेनं पास केला म्हणजे पास, असं मग आम्ही शिव्या देणारेसुद्धा म्हणायला लागलो.

पुढं कंपनी दुसऱ्या राज्यात गेली आणि आम्ही पन्नाशीत घरी बसलो. मी सातपूरलाच नटबोल्ट, बेअरिंग, ग्रीस असलं दुकान टाकलं. शेजारचा पत्र्याचा गाळा हिरामणनं घेतला आणि गाड्यांच्या फ्रंट एंडचं, म्हणजे पुढची चाकं आणि स्टिअरिंगचं, काम सुरू केलं. रोज सकाळी जय भीम आणि चारला माझ्या काउंटरवर चहा, असं करत करत आमची दोस्ती झाली. धंदा त्याचा बेताचाच. टेम्पोवाला म्हणायचा, दादा, एक टाका मारून द्या वेल्डिंगचा. हा म्हणायचा, बदलायचा तर बदलतो, टाका मारणार नाही. टेम्पोवाला पुढच्या गॅरेजला. मी कपाळावर हात मारायचो. पण ज्यांचा जीव गाडीत अडकलेला असायचा ते शोधत त्याच्याचकडं यायचे.

गेल्या वर्षी दिवाळीनंतरची गोष्ट. चांदवडच्या रंगनाथ आहेरांची मुलगी माझ्या दुकानात आली. रंगनाथअण्णा कांद्याचे मोठे व्यापारी, आणि ही तेजस्विनी त्यांची एकुलती एक. पुण्यात शिकून आली आणि आता बापाचा धंदा बघते. अण्णांनी तिच्या हट्टापायी मुंबईच्या एका घरातून साठ वर्षांपूर्वीची विलायती स्पोर्ट्स कार घेतलेली. दोन सीटची, जमिनीला टेकलेली, लांब नाकाची. पोरीनं अर्धी गाडी स्वतःच्या हातानं उघडून परत जोडलेली. फक्त पुढून खडखड यायची. तिनं विलायतेहून बॉल जॉइंट मागवले तर ते बसेनात, म्हणून वेगळे बोल्ट शोधत माझ्याकडं आली. मी डबी उघडून बघितलं आणि तिला हात धरून शेजारी नेलं म्हणा ना. आख्ख्या नाशकात ह्या कामाला हाच एक माणूस आहे असंही वर सांगितलं.

हिरामणनं गाडीचा जुना जॉइंट आणि तिचा नवा, दोन्ही टेबलावर शेजारी ठेवले आणि बराच वेळ नुसता बघत बसला. मग तिला समजावलं. त्या गाडीच्या नंतरच्या वर्षांत कारखान्यानं सीलबंद जॉइंट लावले, तिच्याकडं आलेले ते. हिची गाडी त्याच्या आधीची. हिचा गोळा सुटा, वाटी सुटी, खालून झाकण, आणि झाकणाखाली पत्र्याच्या पातळ पातळ चकत्या, त्यांना शिम म्हणतात. शिम काढली की गोळा आवळतो, घातली की सैल होतो. ग्रीस द्यायला बाहेरून निपल. बोल्टांच्या भोकांचं अंतर वेगळं, दांडीचा उतार वेगळा. बाहेरून भाऊ भाऊ दिसतात, पण एकाच्या जागी दुसरा बसणार नाही. तेजस्विनीनं मग जुन्या पद्धतीचं सामान मागवलं. गोळे, वाट्या, शिमा आणि सोबत इंग्रजीत छापलेली एक चिठ्ठी.

त्या चार दिवसांत मी हिरामणला जितकं खूश बघितलं तितकं त्याच्या पोरीच्या लग्नातही बघितलं नव्हतं. सव्वीस वर्षं बंद डब्या तपासल्या केरू, आज पहिल्यांदा उघडून बघतोय, असं म्हणाला. जेवायला घरी जाईना, म्हणून त्याची बायको, शकुबाई वहिनी, डबा घेऊन गाळ्यावर यायच्या आणि तो खाईपर्यंत समोर बसून राहायच्या.

आणि त्यानं चूक केली. चिठ्ठीत लिहिलेलं होतं की गोळ्याला चार ते सहा थाऊ खेळ ठेवा. थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग. चार थाऊ म्हणजे वहीच्या एका कागदाएवढी फट. हिरामणनं सहा वाचलं आणि मनात म्हणाला, ही मर्यादा झाली. एकेक शिम काढत गेला, गोळा आवळत गेला, आणि खेळ शून्यावर आणून थांबला. मी शेजारी उभा होतो. त्यानं दांडी माझ्या हातात दिली, मी हलवून बघितली, आणि वा रे पठ्ठ्या म्हणालो. मग त्यानं निपलला ग्रीसगन लावली. दोन दाबांत ग्रीस निपलच्या कडेनं बाहेर आलं. भरलं म्हणाला, आणि फडक्यानं पुसून टाकलं. तेजस्विनीनं त्र्यंबक रोडला एक चक्कर मारली. स्टिअरिंग जरा जड वाटतंय काका, म्हणाली. नवीन आहे, रुळेल, असं हिरामणनं सांगितलं. ती गाडी घेऊन चांदवडला गेली.

दहा दिवसांनी, शनिवारी दुपारी, हिरामण एका टेम्पोच्या किंगपिनला, म्हणजे पुढचं चाक ज्या खुंटीवर वळतं तिला, ग्रीस देत होता. मी दुकानात. बराच वेळ गनचा आवाज आला नाही म्हणून डोकावलं तर हा तसाच उकिडवा, गन हातात, तोंडावरचा रंग उडालेला. मला वाटलं छातीत दुखतंय. मी धावत गेलो. त्यानं टेम्पोकडं बोट दाखवलं. निपलमधून ताजं ग्रीस आत जात होतं आणि खालून जुनं काळं ग्रीस बाहेर येत होतं, जसं यायला पाहिजे तसं. तो म्हणाला, त्या गाडीत आत गेलंच नाही. माझ्या डोक्यात उजेड पडेना. मग त्यानं सांगितलं, आणि मला पटलं. ज्या माणसानं जन्मभर सीलबंद जॉइंट तपासले त्यानं बॉल जॉइंटला स्वतः ग्रीस कधी दिलेलंच नव्हतं. त्या जुन्या जॉइंटात पोलाद पोलादावर फिरतं. मधे वंगणाला जागा लागते, आणि ती जागा म्हणजेच ती चार थाऊची फट. ती त्यानं बुजवून टाकली होती.

त्यानं ड्रॉवरमधून चिठ्ठी काढली. बोट आकड्यावर ठेवलं.

“केरू, इथं दोन आकडे आहेत. सहाच्या वर नको, आणि चारच्या खाली नको. खालचा आकडा मी बघितला आणि सोडून दिला. जन्मभर एकच आकडा बघायची सवय.”

दुसऱ्या दिवशी रविवार. जुन्या गाड्यांचा ताफा सकाळी गोल्फ क्लबच्या मैदानावरून निघून पेठला जाऊन परत येणार होता, आणि तेजस्विनी त्यात होती. पेठचा रस्ता म्हणजे घाट. कोरडा गोळा वळणावर वाटीत अडकला आणि दांडी तुटली तर?

आता माझं सांगतो. मी हिरामणला म्हणालो, येडा होऊ नको. चुकलो म्हणून सांगितलंस तर सातपुरात तुझ्याकडं कुत्रं फिरकणार नाही. तिला फोन कर, म्हणावं दहा दिवसांचं फुकट चेकिंग असतं, आज गाडी घेऊन ये. आली की गुपचूप दोन शिमा घाल आणि विषय संपव. हिरामणनं माझ्याकडं असं बघितलं की मला तिथंच समजायला पाहिजे होतं. पण तो घाबरलेला होता, आणि घाबरलेला माणूस शेजारच्याचं ऐकतो. त्यानं फोन लावला आणि मी सांगितलं तेच बोलला. पोरगी कुणाच्या तरी हळदीला होती, मागं बॅन्जो वाजत होता. गाडी मस्त चाललीय काका, सोमवारी आणते, म्हणाली आणि फोन ठेवला. मग त्यानं खरं सांगायला परत लावला, परत परत लावला. कुणी उचलला नाही. अण्णांचा नंबर आमच्याकडं नव्हता. हिरामण त्या दिवशी जेवला नाही, असं शकुबाई वहिनींनी मला नंतर सांगितलं, आणि हेही विचारलं की भाऊजी, हा सल्ला त्यांना दिला कुणी?

रविवारी सकाळी साडेसहाला आम्ही माझ्या मोटारसायकलवर मैदानात. हिरामणनं इस्त्रीचा पांढरा शर्ट घातलेला आणि मांडीवर हत्यारांची पेटी. तिथं वीस-पंचवीस गाड्या, हार, सनई, कॅमेरे. तेजस्विनी नऊवारी नेसून, डोक्याला फेटा बांधून गाडीत बसलेली. चांदवडहून अण्णांचे पाव्हणेरावळे बघायला आलेले. मी म्हणालो, बाजूला घेऊन सांग. पण बाजूला घ्यायला कोण येतंय? अण्णा म्हणाले, या या मिस्त्री, फोटोत उभे राहा. हिरामण उभा राहिला आणि बोलला.

“अण्णा, ह्या गाडीचं पुढचं काम माझ्याकडून चुकलंय. दोन्ही बाजूंचं. ही घाटात न्यायची नाही.”

सनई चालूच होती. अण्णांचा चेहरा लाल. दहा दिवस झोपला होतात का, असं त्यांनी विचारलं. हिरामण म्हणाला, काल कळलं, काल फोनवर सांगायला पाहिजे होतं, मी फुकट चेकिंगचं खोटं बोललो. मी बाजूलाच उभा. त्यानं माझं नाव घेतलं नाही. घेतलं असतं तर बरं वाटलं असतं, खरं सांगतो.

तेजस्विनीनं गाडी सुरू केली. तिनं गाडी दहा पावलं पुढं नेली, चाक वळवलं आणि हात सोडले. स्टिअरिंग आपोआप सरळ यायला पाहिजे ना? ते वळलं होतं तिथंच राहिलं. ती उतरली, फेटा काढून सीटवर ठेवला आणि संयोजकांना सांगून आली की मला वगळा. ताफा वाजतगाजत निघून गेला. पोरीच्या डोळ्यांत पाणी होतं, ते तिनं पुसलंही नाही.

हिरामणनं जॅक लावला आणि पांढऱ्या शर्टासकट गाडीखाली शिरला. डावा गोळा बाहेर आला तो कोरडा ठणठणीत, आणि अंगावर नखाला लागेल असा ओरखड्यांचा पट्टा. आता शिमा घालूनही उपयोग नव्हता, गोळाच गेला होता. अण्णांनी तो हातात घेतला आणि विचारलं, घाटात तुटलं असतं का? मी मनात म्हणत होतो, बाबा, हो म्हण, हो म्हणालास तर तू पोरीचा जीव वाचवणारा ठरशील. हिरामण म्हणाला, माहीत नाही, कदाचित तुटलं असतं, कदाचित वर्षभर चाललं असतं. झालं. अण्णा भडकलेच. नक्की माहीत नाही आणि चारचौघांत तमाशा केलात, परत ह्या गाडीला हात लावायचा नाही, म्हणाले. गाडी टेम्पोत चढवून गेली. पुढं पुण्याच्या कुणा मोठ्या गॅरेजवाल्यानं ती नीट केली, असं ऐकलं.

कुणीतरी मैदानातला व्हिडिओ काढलेला. आठवड्यात तो टेम्पोवाल्यांच्या ग्रुपवर फिरला. गाळ्यासमोरून जाताना पोरंटोरं ओरडायची, मामा, खेळ किती, शून्य का? हिरामण मान वर करायचा नाही. दिवसच्या दिवस बसून हत्यारं पुसायचा. दोन महिन्यांत गाळ्यात आलेल्या गाड्या बोटांवर मोजण्याइतक्या.

आणि ह्यात माझाही हात होता. माझ्या दुकानात रोज दोन-चार जण विचारतात, फ्रंट एंडला चांगला माणूस कोण. आधी मी शेजारी बोट दाखवायचो. आता मी अंबडच्या एका गॅरेजचा नंबर द्यायला लागलो. मनाची समजूत घालायचो की मलाही धंदा करायचाय, उद्या काही झालं तर गिऱ्हाईक माझ्या नावानं बोंब मारेल. आणि चारला तोच हिरामण माझ्या काउंटरला टेकून चहा प्यायचा, आणि मी त्याला म्हणायचो, यंदा बाजारच थंड आहे रे. इतका निर्लज्ज झालो होतो मी.

मार्चमध्ये ती लांब नाकाची गाडी परत सातपुरात आली. तेजस्विनी उतरली आणि मला विचारलं, गांगुर्डेकाका आहेत का, ब्रेकचं काम आहे. माझ्या जिभेला सवयच लागलेली. आहे आत, पण ब्रेकचं म्हणाल तर अंबडला एक जण, असं मी बोलून गेलो. तिनं माझ्याकडं नुसतं बघितलं आणि शेजारच्या गाळ्यात गेली. मला दुकानात बसवेना, मीही गेलो.

हिरामण उठून उभा राहिला होता. तो तिला सांगत होता की ह्या गाडीचे ब्रेक त्याला माहीत नाहीत, त्यानं कधी उघडले नाहीत, तिनं पुण्यालाच न्यावी. तिनं किल्ली टेबलावर ठेवली.

“म्हणूनच तुमच्याकडं आणली काका. पुण्याचा माणूस म्हणतो त्याला सगळं माहीत आहे. तो चुकला तर मला कळणार कसं? तुम्ही चुकलात तर तुम्ही सांगाल.”

अण्णांना सांगून आलेय, ते नाही म्हणाले नाहीत, असंही ती म्हणाली. हिरामणनं तोंड भिंतीकडं केलं आणि उगाच पेटीतले पाने शोधायला लागला. त्याचे खांदे हलत होते. मलाही रडू आलं, लपवून काय करू. तिनं जाताना ब्रेकचं पुस्तक ठेवलं आणि वर म्हणाली की आकडे दोघं मिळून वाचू.

ती गेल्यावर मी गाळ्यातच थांबलो. स्टुलावर बसलो आणि एका दमात सगळं बोलून टाकलं. की मी तुझी गिऱ्हाइकं अंबडला पाठवत होतो, आठवड्या-दोन आठवड्यांची गोष्ट नाही, त्या रविवारनंतर आजपर्यंत. आता शिव्या घालेल, निदान चहा तोडेल, ह्या तयारीनं मी खाली बघत बसलो. हिरामण पुस्तक उघडत होता. म्हणाला, मला पहिल्याच आठवड्यात कळलं होतं, अंबडला पाठवलेल्यातले दोघं विचारत विचारत माझ्याकडंच आले होते.

मी म्हणालो, मग रोज चारला येऊन चहा पीत होतास, एका शब्दानं बोलला का नाहीस?

“तू स्वतःहून सांगशील म्हणून थांबलो होतो,” हिरामण म्हणाला, आणि चष्मा लावून त्यानं पहिलं पान वाचायला घेतलं.